मदत हवी आहे: जुनी शाईन घेतोय, काय काय तपासू?

मंडळी, आजवर फक्त ॲक्टिव्हा चालवलीय, गिअरची गाडी पहिल्यांदाच घेतोय. हडपसर ते शिवाजीनगर रोजचं जाणं-येणं, त्यामुळे १२५ सीसीच्या वर जायचं नाही. साताऱ्यात एक होंडा शाईन मिळतेय, २०१८ ची, बीएस४ (प्रदूषणाचा जुना निकष), मीटरवर २६ हजार किमी.

गाडी दिसायला चकाचक, पण मी पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. मुद्दाम तापवून ठेवली असेल का? थंड इंजिनवर सुरू करून निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय एवढं माहितीय, म्हणून परत सकाळी जाणार आहे. पुढच्या शॉकॲबच्या रॉडवर तेलकट वलय आहे. नुसतं ऑइल सील बदलून भागतं की रॉडही बघावा लागतो? शिवाय फूटरेस्टचं रबर पार गुळगुळीत झालंय, २६ हजारात एवढं झिजतं? मला तरी मीटरवर भरवसा वाटत नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतोय. मालक म्हणतात, कर्ज कधीच फिटलं, फक्त उतरवायचं राहिलंय. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, बरोबर ना? एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटीही बसवलेली नाही. ई-चलन बाकी असतील तर ट्रान्सफर अडतं का?

आणि हडपसरच्या आसपास कुणी विश्वासू मेकॅनिक माहितीय का, जो पैसे घेऊन माझ्यासोबत साताऱ्याला येईल?