जालना–नांदेड द्रुतगती मार्गावरचा खर्च वसूल होईल का?

हळदकरी_वसमत यांचा प्रश्न

वसमत तालुक्यात आमची वडिलोपार्जित सहा एकर जमीन आहे. समृद्धी महामार्गाला जोडणाऱ्या जालना–नांदेड द्रुतगती मार्गासाठी संयुक्त मोजणी झाली, तेव्हा त्यातली पावणेदोन एकर जाणार असे आम्हांला सांगण्यात आले. विहीर अलीकडे राहते आणि सव्वा एकराचा तुकडा पलीकडे पडतो. मोबदल्याचा वाद वेगळा आहे, तो मी इथे काढत नाही. जमीन द्यायचीच असेल, तर जिच्यासाठी द्यायची ती गोष्ट निदान त्या किमतीची आहे का, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

समृद्धीचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूर–मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. एकूण खर्च ६१ हजार कोटींच्या घरात गेला, म्हणजे किलोमीटरमागे साधारण ८७ कोटी रुपये. जालना, परभणी, हिंगोली आणि नांदेड या चार जिल्ह्यांतून जाणारा हा फाटा सुमारे १७९ किलोमीटरचा आहे. त्याच दराने गुणले तर १५ हजार कोटींच्या पुढचा आकडा येतो.

आता आमच्या मालाचे सांगतो. आमची हळद वसमतच्या किंवा हिंगोलीच्या मोंढ्यात जाते आणि भाव पडलेला असेल तर सांगलीला. सोयाबीनचे व्यापारी लातूरकडे पाहतात, कापूस जवळच्या जिनिंगमध्ये उतरतो. यांपैकी एकही वाट मुंबईच्या दिशेने जात नाही. शिवाय हळद कुकरमध्ये शिजवून, पंधरा दिवस वाळवून, ढोलात पॉलिश करून एकदा पोत्यात भरली की तिला कसलीच घाई नसते. भावाची वाट पाहत ती गोदामात वर्षभर पडून राहते. तिच्या प्रवासातले तीन तास वाचवण्यासाठी एवढा रस्ता लागतो का? अर्धापूरच्या केळीवाल्यांचे गणित वेगळे असू शकते, हे मला मान्य आहे. ज्यांना हिशेब कळतो त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_लेखाधिकारी_परभणी यांचे उत्तर

आधी तुमच्या गुणाकारात एक दुरुस्ती सुचवतो. ८७ कोटींच्या सरासरीत इगतपुरी–कसारा भागातला सुमारे आठ किलोमीटरचा जोडबोगदा आणि सह्याद्रीच्या उतारावरचे उंच पूल धरलेले आहेत. जालन्यापासून नांदेडपर्यंत असा डोंगर कुठेच आडवा येत नाही, त्यामुळे बांधकाम स्वस्त पडायला हवे. दुसरीकडे सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांचे दर मधल्या काळात वाढले आहेत. एकात एक वळते करून मी सोयीसाठी १५ हजार कोटी हाच आकडा धरतो.

ही सगळी रक्कम आठ टक्क्यांनी कर्जाऊ काढली असे समजू. (प्रत्यक्षात काही वाटा शासनाचा असतो, पण शासनाचा पैसाही फुकटचा नसतो, तो दुसऱ्या एखाद्या कामावरून उचललेला असतो.) वर्षाचे व्याज १,२०० कोटी आणि दिवसाचे सुमारे ३ कोटी २९ लाख होते. १ एप्रिल २०२५ पासून समृद्धीवर मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे आणि ट्रक-बसला ६ रुपये ९७ पैसे टोल आहे. १७९ किलोमीटरसाठी मोटारीचे ३६९ आणि ट्रकचे १,२४८ रुपये होतात. निम्म्या मोटारी आणि निम्मे ट्रक धरले, तर नुसते व्याज भागवण्यासाठी रोज ४० हजारांहून अधिक वाहनांनी हा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत तुडवला पाहिजे. मुद्दल, डागडुजी आणि वसुलीचा खर्च यात धरलेलाच नाही. मंठा ते जिंतूर या रस्त्यावरून ज्याने कधी संध्याकाळच्या वेळी गाडी चालवली असेल, त्याने ४० हजार वाहने कुठून येणार हे स्वतःच्या मनाला विचारावे.

टोलमधून खर्च निघाला नाही म्हणून रस्ता वाया गेला, असे मात्र मी म्हणणार नाही. टोलमधून सगळा खर्च निघण्याची अट घातली असती तर मराठवाड्यात निम्मे रस्तेही झाले नसते. पण रस्ता सार्वजनिक हितासाठी आहे असे म्हटले, की त्याच पैशात आणखी काय झाले असते हा प्रश्न टाळता येत नाही, आणि इथे तर तुलना अगदी हाताशी आहे. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या लोहमार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली आणि त्याचा खर्च आहे २,१७९ कोटी. लांबी जवळपास तेवढीच आणि पैसा सातव्या हिश्शाइतका. रुळांलगतची बरीचशी जागा रेल्वेचीच असल्यामुळे ही तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हे कबूल. तरीही एकास सात हे अंतर केवळ जमिनीच्या किमतीने भरून निघत नाही. परभणीच्या पुढे, नांदेडपलीकडच्या मुदखेडपर्यंत दुसरा रूळ आधीच पडलेला आहे. म्हणजे हे काम झाले की संभाजीनगर ते नांदेड सगळी वाट दुहेरी होईल आणि क्रॉसिंगसाठी गाडी सेलूला ताटकळण्याचे आपले जुने दुखणे संपेल.

जालना_वाहतूकदार यांचे उत्तर

काकांचा हिशेब कागदावर बरोबर आहे, पण रस्त्यावर काय होते तेही सांगितले पाहिजे. माझे सहा ट्रक आहेत आणि जालन्याच्या कारखान्यांतली सळई आम्ही चारही दिशांना पोचवतो. नांदेडकडे जाणारी गाडी आजही मंठा, जिंतूर, औंढा, वसमत अशी गावांमधून जाते. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री मागचा दिवा न लावता चालत असतात आणि एका ट्रॉलीच्या मागे दहा-दहा ट्रकांची रांग लागते. दोन वर्षांपूर्वी माझी एक गाडी अशाच ट्रॉलीवर आदळली. चालक वाचला, पण पायाने कायमचा अधू झाला. टोलच्या गणितात ही किंमत धरली जात नाही.

मात्र ज्यांना रस्त्याची बाजू घ्यायची आहे त्यांनी अतिशयोक्तीही करू नये, म्हणून माझ्याच धंद्यातली एक गोष्ट सांगतो. भरलेली गाडी समृद्धीवरून जाते, कारण माल वेळेवर पोचला पाहिजे. रिकामी परत येताना माझे चालक जुना रस्ता धरतात, कारण डिझेलमध्ये जेवढे वाचते त्याहून टोल जास्त बसतो. म्हणजे वाहनांची मोजणी करताना ट्रकची एकच खेप धरावी लागेल. शिवाय नांदेडला राष्ट्रीय महामार्ग १६१ मिळत असल्याने हैदराबाद–मुंबई वाहतूक इकडे वळेल असे काही लोक सांगतात, ते मला पटत नाही. हैदराबादची गाडी सोलापूर–पुण्याची जवळची वाट सोडून एवढा वळसा कशाला घालील?

तरीही माझे मत रस्त्याच्या बाजूने आहे. पण त्याला सहा पदरी प्रवेशनियंत्रित (ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येणारा) रस्ताच हवा का, असे कोणी खोदून विचारले तर मी गप्प बसेन. चार पदरी रस्ता, मधोमध दुभाजक आणि जिंतूर, मंठा, वसमत या गावांना बाहेरून वळण, एवढे झाले तरी माझे नव्वद टक्के काम भागते.

मूळची_नांदेडची यांचे उत्तर

मी ठाण्याला राहते आणि आई-वडील नांदेडला असल्याने वर्षातून सहा-सात वेळा ही वाट तुडवते. म्हणून प्रवाशाच्या बाजूने दोन-तीन गोष्टी लिहिते.

पहिली गोष्ट, वाचणारा वेळ नेमका कुठे वाचतो ते पाहिले पाहिजे. मागच्या दिवाळीला आम्ही मोटारीने गावाहून परतलो तेव्हा आमण्यापर्यंत मुले गाढ झोपली होती आणि भिवंडीच्या कोंडीत जागी झाली. समृद्धीवर जेवढे कमावले त्यातला सव्वा तास शेवटच्या पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये गेला. अलीकडच्या टोकाला १७९ किलोमीटर जोडल्याने ते पलीकडचे टोक सुटणार नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. वाहतूकदार दादांचे ट्रॉलीबद्दलचे म्हणणे खरेच आहे, पण प्रवेशनियंत्रित रस्त्याचे धोके निराळे असतात. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा शिवारात खासगी बस दुभाजकावर आदळून पेटली आणि २५ जण गेले. सरळ, एकसुरी रस्त्यावर रात्रभर गाडी हाकणाऱ्या चालकाला थांबायला, तोंडावर पाणी मारायला ठरावीक अंतरावर जागा लागते. नवीन फाट्याच्या खर्चात ती पहिल्या दिवसापासून धरलेली असावी, रस्ता सुरू झाल्यावर दोन वर्षांनी नव्हे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती अजून कोणी काढलेली नाही. वर्ध्याजवळचे पवनार ते गोव्याच्या सीमेवरचे पत्रादेवी हा ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग मूळ जाहीर आराखड्यानुसार नांदेड, हिंगोली आणि परभणी याच जिल्ह्यांतून आखलेला आहे. लातूर–नांदेड–यवतमाळ–वर्धा करत नागपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चौपदरी झालेला आहे. नांदेडहून राष्ट्रीय महामार्ग १६१ ने हिंगोली–वाशीम करत वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावजवळ समृद्धीला लागण्याची सोय आजही आहे. मुंबईला जाणाऱ्यासाठी ती उलटी पडते, पण नागपूरकडच्या कामाला पुरते. म्हणजे तीन जिल्ह्यांत दोन नवे द्रुतगती मार्ग आणि दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग होणार. काकांची ४० हजार वाहने या सगळ्यांत वाटली गेली, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येतील? प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल जणू दुसरा प्रकल्प अस्तित्वातच नाही अशा थाटात लिहिलेला असतो, ही माझी खरी तक्रार आहे.

माझ्यापुरते म्हणाल, तर ऑगस्ट २०२५ मध्ये वंदे भारत जालन्याऐवजी नांदेडहून सुटू लागली, तेव्हापासून मी मोटार काढणे जवळजवळ सोडले आहे. वडिलांना तपासणीसाठी मुंबईला आणायचे असते तेव्हाही ते गाडीत पाय मोकळे करू शकतात आणि स्वच्छतागृह हाताशी असते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ताशी १२० किलोमीटरच्या वेगापेक्षा त्याचे मोल जास्त असते.

हळदकरी_वसमत यांचे प्रत्युत्तर

तिघांचेही आभार. वाहतूकदार दादा, चालकाचे वाचून वाईट वाटले. आमच्या भागातल्या ट्रॉल्यांना दिवे नसतात हे खरे आहे आणि त्यात आम्ही ऊसवालेही दोषी आहोत.

मला आता एवढे स्पष्ट झाले आहे की, रस्ता नकोच असे म्हणण्याला फारसा आधार नाही. पण सहा पदरी, कुंपण घातलेला आणि आमच्या ट्रॅक्टरला व दुचाकीला मज्जाव असलेलाच रस्ता का, याचे उत्तर ताईंनी सांगितलेल्या बाकीच्या तीन रस्त्यांची वाहतूक जमेस धरल्याशिवाय कोणी देऊ शकत नाही. त्या चारही रस्त्यांची वाहनमोजणी एकत्र मांडून दाखवावी, अशी लेखी मागणी मी पुढच्या ग्रामसभेत ठरावाच्या रूपाने ठेवणार आहे. काका, ठरावाचा मसुदा तुमच्याकडे पाठवला तर व्याजाचा तेवढा परिच्छेद तपासून द्याल का?

दुसरी मागणी आमच्या शिवारापुरती आहे. मोजणीवाल्यांनी रोवलेला दगड विहिरीपासून अकरा पावलांवर आहे. पलीकडच्या सव्वा एकरात पाणी न्यायला रस्त्याखालून पाइपची वाट लागेल, आणि हळद शिजवायचा कुकर ट्रॅक्टरला जोडून न्यायचा तर भुयारी मार्गाची उंची किती ठेवणार हे आधी कळले पाहिजे. कुकरची धुरांडी धरून आमची उंची मी काल टेपने मोजून ठेवली आहे.