'क्विक अँड डर्टी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या कार्यप्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) जन्माबद्दल मराठीत थोडे लिहितो आहे. १९८० साली सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत टिम पॅटरसनने जी प्रणाली लिहिली, तीच पुढे एमएस-डॉस झाली; तिचे पहिले नाव क्यूडॉस. म्हणजे 'क्विक अँड डर्टी ऑपरेटिंग सिस्टिम'. एका जुन्या लेखात याचे 'जलद आणि घाणेरडी कार्यप्रणाली' असे भाषांतर वाचले. याहून बरे काही सुचते का? मी 'जुगाड प्रणाली' लिहून ठेवले आहे, पण मन मानत नाही.

प्रतिसाद
'घाणेरडी' तर नकोच. पण 'जुगाड'ही नको. तो हिंदीतून आला म्हणून नव्हे, आता तो आपलाच झाला आहे. जुगाडात हाताशी असलेल्या भलत्याच वस्तू जोडून काम भागवलेले असते, ट्रॅक्टरचे इंजिन पाणी उपसायला लावावे तसे. पॅटरसनने प्रणाली कोऱ्या पाटीवर लिहिली होती, तीही इंटेलच्या ८०८६ या चिपच्या असेंब्ली भाषेत, म्हणजे चिपच्या स्वतःच्या आज्ञांमध्ये. मी 'घाईघाईत उरकलेली' म्हणेन.

प्रतिसाद
'उरकलेली' म्हटले की काम संपवून मोकळे झाल्याचा भास होतो. इथे उलट आहे. शब्द निवडण्याआधी घाई कशाची होती ते पाहू.

कंपनीचा ८०८६ चिपचा बोर्ड १९७९ च्या अखेरीस बाजारात आला. त्यावर चालवायला मायक्रोसॉफ्टची बेसिक ही प्रोग्रामिंग भाषा तेवढी होती. त्या काळी छोट्या संगणकांवर गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम या कार्यप्रणालीचे राज्य होते, पण ते ८०८० आणि झेड८० या ८-बिट चिपांसाठी. ८०८६ साठीची आवृत्ती किल्डॉलच्या डिजिटल रिसर्च कंपनीकडून येणार येणार म्हणत येईना. प्रणाली नाही म्हणून बोर्डाला गिऱ्हाईक नाही. शेवटी एप्रिल १९८० मध्ये पॅटरसन स्वतःच लिहायला बसला आणि ऑगस्टच्या सुमाराला क्यूडॉस विक्रीला आली. खरी प्रणाली येईपर्यंत वेळ निभावून न्यायची, एवढाच तेव्हा हेतू.

याला मराठीत सरळ शब्द आहे: कामचलाऊ. 'क्विक' आणि 'डर्टी' दोन्ही त्यात येतात. आतून नीटनेटकी नाही, पण काम अडणार नाही. दोन विशेषणांना दोन विशेषणे द्यायचा अट्टहास कशाला?

प्रतिसाद
कामचलाऊला +१. फक्त एक शंका. कामचलाऊ म्हटले की वाचक सगळेच कच्चे समजेल, आणि ते पॅटरसनवर अन्यायाचे होईल. सीपी/एमसाठी लिहिलेले प्रोग्राम फारशी उलथापालथ न करता ८०८६ वर आणता यावेत म्हणून प्रोग्राम प्रणालीकडून काम करून घ्यायला तिला ज्या हाका मारतात (सिस्टिम कॉल), त्या त्याने तशाच ठेवल्या; ड्राइव्हची ए, बी ही अक्षरेही. पण डिस्कवरच्या फाइलींची नोंद ठेवायची पद्धत सीपी/एमची घेतली नाही. तिथे मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमधली फाइल ॲलोकेशन टेबलची (कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याच्या तक्त्याची) कल्पना उचलून स्वतःच्या रीतीने बसवली. फाइलींची नक्कल करायची आज्ञाही बदलली. सीपी/एमच्या 'पिप'मध्ये आधी कुठे ठेवायचे ते लिहायचे आणि मग कुठून उचलायचे ते. नव्या माणसाची त्यात हमखास गफलत. पॅटरसनने सरळ 'कॉपी' दिली: आधी कुठून, मग कुठे. घाईत असलेला माणूस एवढा विचार करतो का?

प्रतिसाद
शंका रास्त, पण नाव त्यानेच ठेवले आहे हो! आपण त्याच्या विनयाचे भाषांतर करतो आहोत, प्रणालीच्या गुणवत्तेचे नाही.

गंमत म्हणजे क्यूडॉसमधला 'डी' हा 'डर्टी'चा. वर्ष संपायच्या आत प्रणालीचे नाव ८६-डॉस झाले आणि तोच 'डी' 'डिस्क'चा झाला. विकायची वस्तू म्हटल्यावर घरचे टोपणनाव कोण सांगणार? पुढचे धागाकर्त्यांना ठाऊक असेलच: मायक्रोसॉफ्टने आधी २५,००० डॉलरला परवाना घेतला, मग जुलै १९८१ मध्ये आणखी ५०,००० डॉलर देऊन सगळे हक्क घेतले. १२ ऑगस्टला आयबीएम पीसी आला. त्यावर हीच प्रणाली पीसी-डॉस या नावाने ४० डॉलरला मिळे. ८०८६ साठीची सीपी/एम, म्हणजे सीपी/एम-८६, काही महिन्यांनी आले, तेही २४० डॉलरला. कामचलाऊ वस्तू तिथेच कायमची झाली.

धागाकर्ता
मग असे लिहितो: 'पॅटरसनने तिला क्यूडॉस म्हटले, म्हणजे झटपट केलेली कामचलाऊ प्रणाली.' पहिल्यांदा येईल तेव्हा अर्थ, पुढे सगळीकडे क्यूडॉस. 'जुगाड' खोडला.

अवांतर: सीपी/एम म्हणजे आधी 'कंट्रोल प्रोग्राम/मॉनिटर' होते म्हणतात. मॉनिटरला 'पडदा' लिहू का?

प्रतिसाद
अजिबात नको! तो मॉनिटर म्हणजे लक्ष ठेवणारा प्रोग्राम. आपल्या शाळेतला वर्गाचा मॉनिटर आठवा, गुरुजी बाहेर गेले की फळ्यावर नावे लिहिणारा. अर्थ तोच. संगणकातही प्रोग्राम आत घेणे, सुरू करणे, संपला की ताबा परत घेणे ही कामे त्याची. पुढे डिजिटल रिसर्चनेच 'एम'चा अर्थ बदलून 'कंट्रोल प्रोग्राम फॉर मायक्रोकॉम्प्युटर्स' केला. तेव्हा १९७४ च्या सुमाराचे लिहीत असाल तर 'देखरेख्या' किंवा नुसते मॉनिटर, त्यानंतरचे असेल तर मायक्रोकॉम्प्युटर.