व्हिसा हातात नसताना तिकीट

आई-बाबांचा व्हिसा यायचाय, मुंबई-न्यूअर्क तिकीट ट्रॅव्हल पोर्टलवरून काढू का, असं विचारलंत. थोडे पैसे वाचतीलही, पण रद्द करताना विमान कंपनीचा दंड वेगळा, पोर्टलचे चार्जेस वेगळे, वर दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार! त्यापेक्षा थेट कंपनीच्या अमेरिकी साइटवरून घ्या. तिथल्या नियमाप्रमाणे उड्डाणाला किमान 7 दिवस असतील तर तिकीट काढल्यापासून 24 तासांत रद्द करून पूर्ण पैसे मिळतात, किंवा त्याऐवजी कंपनीला तेवढा वेळ भाव धरून ठेवावा लागतो. पोर्टलला हे बंधन नाही. काही जण देतात, ती त्यांची मर्जी. 24 तासांनंतरचं सगळं फेअर रूल्सवर, म्हणजे त्या तिकिटाच्या अटींवर. नुसतं ‘रिफंडेबल’ बघून हुरळू नका, कॅन्सलेशन आणि नो-शो (न कळवता विमानाला न जाणं) यांच्या दंडाचे आकडे वेगवेगळे असतात, दोन्ही वाचा.