प्रीमियमचा पैसा नफ्यात कसा धरता?

कोथरूडकर_हिशेबनीस:
काल इथे एकाने लिहिलं, "कंपनीकडे रिझर्व्ह ढीगभर, लाभांश मात्र शून्य, ही भागधारकांची लूट आहे." ताळेबंदाची नोट उघडली होती का? 'इतर इक्विटी'त (भागभांडवलाखेरीज भागधारकांचा पैसा) सिक्युरिटीज प्रीमियम, म्हणजे दर्शनी किमतीच्या वर घेतलेली रक्कम, वेगळा दाखवलेला असतो. 10 रुपये दर्शनी किमतीचा शेअर कंपनीने 400 ला दिला, तर 10 भागभांडवलात आणि 390 प्रीमियममध्ये. हा नफा नाही, भागधारकांनीच आत घातलेला पैसा आहे. कंपनी कायदा 2013, कलम 52 : बोनस (फुकट शेअर), बायबॅक (कंपनीने आपलेच शेअर परत विकत घेणं), इश्यूचा (शेअर विक्रीला काढण्याचा) खर्च यांना हा पैसा चालतो. लाभांशाला नाही. आणि तो बँकेत पडूनच असतो असंही नाही, त्याची कधीच मशिनरी झालेली असू शकते.

रास्तापेठ_७१:
"लूट" मीच लिहिलं होतं. बोनस चालतो, लाभांश का नाही? बोनस म्हणजे माझ्याच पैशाची मला नवी पावती! आमच्या मेव्हण्यांच्या नादाने एक शेअर चढ्या प्रीमियमने घेतला, आज निम्म्यावर आहे. तेव्हा प्रीमियम कुठे जातो हे आम्हाला शिकवू नका.

कोथरूडकर_हिशेबनीस:
भाव निम्म्यावर आला म्हणून त्या खात्यातला रुपया हलत नाही. बाजारातली खरेदी-विक्री तुमची आणि दुसऱ्या कुणाची, कंपनीला त्यातलं काही मिळत नाही. एलआयसीचा 2022 चा इश्यू 949 ला होता, पण विकला सरकारने आपला हिस्सा. एलआयसीच्या प्रीमियम खात्यात त्यातला छदामही नाही. (विम्याचा हप्ता वेगळा, कुणी विचारायच्या आत सांगतो.) आणि लाभांश का नाही? भांडवलच वाटून टाकलं तर देणेकऱ्यांनी कुणाकडे बघायचं? ती रक्कम कमी करायची तर भांडवल कमी करण्यासारखीच प्रक्रिया, एनसीएलटीची (कंपनी कायदा न्यायाधिकरणाची) मंजुरी लागते.

सिंहगडरोड_वैतागलेला:
प्रीमियम म्हटलं की आमची सोसायटी आठवते. रीसेलचा फ्लॅट घेतला तर कमिटीने 'विकासनिधी' म्हणून लाखभर मागितले. शासनाचं 2001 चं परिपत्रक आहे, फ्लॅट नावावर करायचा प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25,000!

औंध_माजी_सेक्रेटरी:
आणि लिफ्ट कोण दुरुस्त करणार, परिपत्रक? सभासद मेंटेनन्स सहा-सहा महिने थकवतात आणि इथे कायदा शिकवतात.

सिंहगडरोड_वैतागलेला:
लिफ्टसाठी सगळ्यांकडून घ्या ना. नव्या माणसालाच का कापता? वर "स्वखुशीने देणगी" असं लिहून घेता. सेक्रेटरींच्या टेबलावर छापील फॉर्मचा गठ्ठाच होता, फक्त रक्कम भरायची जागा मोकळी.

औंध_माजी_सेक्रेटरी:
भाषा सांभाळा. मी फुकट राबलोय.

कर्वेनगर_ताई:
फुकट राबलात म्हणून पावती चुकीची द्यायची? आमच्याकडेही हेच झालं. शेवटी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज टाकला, तेव्हा कमिटी वठणीवर आली.

रास्तापेठ_७१:
हिशेबनीस, मान्य, लाभांश द्यायचा नसतो. "लूट" मागे घेतो, "गैरसोय" म्हणतो. खूश? पण त्याच पैशातून बायबॅक चालतो, म्हणजे ज्याने शेअर परत दिला त्याला रोख, आम्ही धरून बसलेले कोरडेच!

कोथरूडकर_हिशेबनीस:
तुम्हीही बायबॅकमध्ये शेअर टेंडर करायचे (परत द्यायचे) होते. त्याला तरी मेव्हणे लागत नाहीत.

सिंहगडरोड_वैतागलेला:
ते राहू द्या. 500 रुपये ट्रान्सफर फी त्या 25,000 च्या आत की वर?

कर्वेनगर_ताई:
वर. प्रवेश फी 100 पण वेगळी. देणगीच्या फॉर्मवर मात्र सही करू नका.