दीर्घिकांची मॉडेल्स: खरं उत्तर की नुसतं ट्यूनिंग?

धागाकर्ता: डार्क मॅटरचे, म्हणजे न दिसणाऱ्या पदार्थाचे, हेलो (दीर्घिकांभोवतीचे प्रचंड गोळे) कसे तयार होतात ते आता बरंचसं कळलंय, तिथे काम एकट्या गुरुत्वाकर्षणाचं, २००५ च्या मिलेनियम सिम्युलेशनने (संगणकावर विश्व घडवून पाहण्याचा प्रयोग) सुमारे हजार कोटी कण घेऊन ते करून दाखवलंच. पण त्या हेलोत दीर्घिका घडवायची म्हटलं की गाडी अडते. ईगल या दीर्घिका घडवणाऱ्या सिम्युलेशनमध्ये वायूचा एक कण म्हणजे जवळपास १८ लाख सूर्यांएवढं वस्तुमान, त्यात एक सुपरनोव्हा, म्हणजे एका ताऱ्याचा स्फोट, दिसणार कुठून? मग त्याच्या जागी फॉर्म्युला घालायचा आणि आजच्या दीर्घिकांशी मेळ बसेपर्यंत आकडे हलवत राहायचं. मी तरी याला स्पष्टीकरण मानत नाही.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. ईगलवाल्यांनी जुळवलं ते आजच्या काळातलं, म्हणजे दीर्घिकांमधल्या ताऱ्यांचं वस्तुमान, त्यांचे आकार वगैरे. अब्जावधी वर्षांपूर्वी लहान-मोठ्या दीर्घिकांचं प्रमाण काय होतं हे जुळवलेलं नव्हतं, तरी ते बऱ्यापैकी बरोबर आलं की! आणि फीडबॅक, म्हणजे तारे आणि कृष्णविवरं वायूला उलटा दणका देतात तो, काही मनाला वाटलं म्हणून घातलेला नाही. लहान हेलोची पकड ढिली, सुपरनोव्हा वायू बाहेर फेकतात. मोठ्या हेलोत मधलं कृष्णविवर वायूला थंडच होऊ देत नाही. मधे, साधारण एक लाख कोटी सूर्यांच्या हेलोत तारे सगळ्यात जोमाने बनतात, आणि तिथेसुद्धा वाट्याला आलेल्या साध्या (डार्क मॅटर सोडून उरलेल्या) पदार्थातला जेमतेम पाचवा हिस्सा ताऱ्यांत जातो. हे निरीक्षणातून निघालंय.

धागाकर्ता: तेच तर म्हणतोय ना! इलस्ट्रिसटीएनजी आणि सिम्बा ही आणखी दोन सिम्युलेशन्स घ्या, दोन्हींत ताऱ्यांचा हिशोब ठीक बसतो, पण कृष्णविवराने वायू किती लांब फेकला हे विचारलं तर सिम्बाचा वायू कितीतरी दूर गेलेला असतो. तारे दोघांचे जुळले, मग खरं कोण?

प्रतिसाद २: मला तर यातच आशा दिसते. वायू कुठवर पसरलाय ते मोजता येतं, क्ष-किरणांत दिसतं, वैश्विक पार्श्वप्रारणावर (विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून उरलेल्या प्रारणावर) त्याची खूण उमटते. दोन मॉडेल्स जिथे वेगळी पडतात तिथेच दुर्बीण लावायची. विज्ञान असंच पुढे जातं, ट्यूनिंग म्हणून हिणवू नका.

धागाकर्ता: हे मान्य. फक्त आकडा मोजणीच्या आधी छापा, मोजणी झाल्यावर नॉब फिरवून आणलेला नको, एवढीच मागणी आहे माझी.