दिवाळीत मालवणहून खोल समुद्रातले पक्षी बघता येतील का?

नाथसागर_काठ:
नमस्कार मंडळी. संभाजीनगर-परभणीकडचे आम्ही आठ जण. जायकवाडीच्या काठावरून रोहित, पट्टकादंब, नदी सुरय बघायची सवय आहे, समुद्रातला अनुभव शून्य. मालवण किंवा वेंगुर्ल्याहून बोट करून शिअरवॉटर, स्टॉर्म पेट्रेल, स्कुआ बघायचेत. दिवाळीची सुट्टी चालेल का? किती आत जावं लागतं? टेलिस्कोप न्यावा का? दोघांना घाटातसुद्धा गाडी लागते.

खोलपाणी:
दिवाळीपेक्षा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य धरा. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल अंटार्क्टिकाकडे वीण करतो आणि तिकडच्या हिवाळ्यात आपल्याकडे असतो. नोव्हेंबरात तो परतीला लागलेला असतो. मासेमारीबंदी 31 जुलैला संपते खरी, पण ऑगस्टात समुद्र शांत नसतो. दिवाळीतच जमणार असेल तर स्कुआ आणि फॅलारोप (पाण्यावर पोहणारा छोटा पक्षी) यांच्यावर भर ठेवा.

किनाऱ्याजवळ कुरव (सीगल) आणि नेहमीचे सुरयच दिसतील. किमान 30-40 किलोमीटर आत जा. ताशी 15 किलोमीटरने दोन ते पावणेतीन तास लागतात, म्हणून पहाटे पाचला निघायचं. दुपारी वारा वाढतो. आंग्रिया बँक हा पाण्याखालचा प्रवाळाचा उंचवटा विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे, एका दिवसात तिचा नाद नको.

डॉल्फिन दाखवणारी छोटी होडी घेऊ नका. वायरलेस, जीपीएस आणि माणशी एक लाइफ जॅकेट हवंच. प्रवासी नेण्याचा मेरीटाइम बोर्डाचा परवाना बघूनच पैसे द्या. मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी नेता येत नाहीत. आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघा. दीड मीटरच्या वर असेल तर सरळ रद्द करा: पक्षी पाण्यालगत उडतात, लाटांच्या खळग्यात ते दिसतच नाहीत.

तारली_तेल:
खरी गंमत पक्ष्यांना बोटीजवळ बोलावणाऱ्या आमिषात आहे. तारलीची आतडी आणि डोकी आठ-दहा किलो, माशाचं तेल दोन लिटर. ज्वारीच्या लाह्या आपल्याकडूनच न्या आणि तेलात भिजवा, त्या बराच वेळ तरंगतात. सगळं एकदम ओतलं की आतडी बुडतात आणि तेलाचा पट्टा काही तयार होत नाही. बोट हळू ठेवून अर्धा किलोमीटर थोडं थोडं टाकत जा, मग त्याच पट्ट्यावर परत येऊन इंजिन बंद करा.

पेट्रेल वासावर येतो, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध उडत येतो. वारा जिकडे वाहतोय तिकडे नजर ठेवा. नवखे लोक आमिषाकडेच बघत बसतात आणि पक्षी मागून निघून जातो. निदान अर्धा तास थांबा, तांडेलला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) हे आधीच सांगून ठेवा. जाळं ओढणारा ट्रॉलर दिसला तर त्याच्या मागे स्कुआ शोधा, सुरयांच्या तोंडचा घास हिसकावताना सापडतील.

डॉ_पाखरू:
टेलिस्कोप घरीच ठेवा. 8x42 दुर्बीण बरी, 10x हलत्या बोटीवर थरथरते. कॅमेऱ्याचं शटर 1/2000 ठेवा. भिंगावरचं खारं पाणी कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. गोड्या पाण्याने ओलं केलेलं फडकं वापरा.

बोट लागणाऱ्यांनी अ‍ॅव्होमिनबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर. गोळी निघायच्या दोन तास आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. झोप येते, तेव्हा कठड्याजवळ एकट्याने उभं राहू नका. निघताना कोरडी भाकरी खा, उपाशी राहू नका. बसायचं बोटीच्या मध्यावर, डिझेलच्या धुरापासून लांब, नजर क्षितिजावर.

नाथसागर_काठ:
मनापासून आभार. शिअरवॉटर वेगळे कसे ओळखायचे?

खोलपाणी:
वरून गडद, पोट पांढरं, भराभर पंख मारून थोडं तरंगणारा तो पर्शियन. सगळा गडद आणि चोच गुलाबी, टोक काळपट, तो फ्लेश-फूटेड. गडदच पण चोच बारीक करडी आणि शेपूट लांब, तर वेज-टेल्ड. आधी चोचीचा फोटो मिळवा.