जुने रंधा मशीन घ्यावे का? उद्यापर्यंत कळवायचे आहे

शिसवी
सांगलीत एका बंद झालेल्या कारखान्यातील जुने रंधा मशीन विकायला आहे. मागणी पंचेचाळीस हजारांची असून उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवे आहे. मशीन चालू स्थितीत आहे आणि त्याला नुकताच रंग दिला आहे. किंमत योग्य आहे का, हे कृपया लवकर सांगावे.

पाचर
एवढ्या माहितीवर किंमत सांगता येणार नाही. मशीन सरफेसचे (फळीची बाजू सपाट करणारे) आहे की थिकनेसचे (जाडी एकसारखी करणारे), टेबल किती इंची आहे आणि मोटर सिंगल फेज आहे की थ्री फेज? नवा रंग पाहून मला तरी शंकाच येते, कारण ओतीव लोखंडाला गेलेला तडा ब्रेझिंगने (पितळेच्या डाकाने) भरून वर रंग मारला की तो सहजासहजी दिसत नाही. टेबलाच्या खालची बाजू बॅटरी लावून पाहावी.

शिसवी
सरफेस, 12 इंची. मोटर 3 एचपी, थ्री फेज. माझ्याकडे सिंगल फेजच आहे.

कॉइल
मग आधी मोटरचे पाहा. सिंगल फेजवर चालणारा सर्वसाधारण ड्राइव्ह (मोटरला थ्री फेज पुरवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) 230 व्होल्टच थ्री फेज देतो. पाटीवर 415 व्होल्ट स्टार लिहिलेले असेल आणि टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोके असतील, तर मोटरच्या गुंडाळ्यांची स्टार जोडणी बदलून 230 व्होल्टला चालणारी डेल्टा जोडणी करून काम भागते. तीनच टोके असतील तर दुसऱ्या मोटरचा खर्च धरावा.

सहाण
कॉइल यांच्याशी मी सहमत नाही. मोटर बाजारात केव्हाही मिळते, पण वाकलेले टेबल सरळ करून घेणे फार महागात पडते. दोन फळ्यांच्या कडा मशीनवर मारून एकमेकींवर उभ्या ठेवाव्यात आणि उजेडासमोर धराव्यात. मध्ये जी फट दिसेल ती प्रत्यक्ष दोषाच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक चूकही लपत नाही. नंतर पट्टा काढून ब्लॉक (ज्यावर पाती बसवतात तो फिरणारा भाग) हाताने फिरवावा. खरखर जाणवली तर बेअरिंगे बदलता येतात, पण बेअरिंग शाफ्टवरच सैल बसत असेल तर घेऊ नये.

वाकस
त्यापेक्षा नवा पोर्टेबल थिकनेसर घ्यावा. माझा उत्तम चालतो.

सहाण
थिकनेसर जाडी एकसारखी करतो, पीळ काढत नाही. रोलर फळीला दाबून सपाट करतात आणि ती बाहेर आली की पुन्हा पिळते.

पाचर
शिसवी, पात्यांचा ब्लॉक गोल आहे की चौकोनी, हे अजून कळलेले नाही.

शिसवी
चौकोनी आहे. मिरजेत गोल करून मिळेल, असे विक्रेता म्हणतो.

पाचर
मग हे मशीन फुकट मिळाले तरी आहे तसे चालवू नये. चौकोनी ब्लॉक आणि टेबलाच्या त्यालगतच्या कडा यांच्यामध्ये मोठी पोकळी राहते. हात घसरला तर बोटाचे टोक नव्हे, पंजाच आत ओढला जातो. गोल ब्लॉक बनवून घ्यायचा तर तो बॅलन्स केलेलाच हवा आणि तो खर्च मागणीतून वजा व्हायला हवा.

शिसवी
त्याच्याकडे गोल ब्लॉकचे 9 इंचीही आहे. ते पुरेल का?

सहाण
काम कशाचे करणार आहात?

शिसवी
दारे-खिडक्यांच्या चौकटी.

सहाण
चौकटीला 9 इंच भरपूर झाले. उभ्या पट्ट्या लांब असल्याने तेथे रुंदीपेक्षा टेबलाची लांबी महत्त्वाची ठरते; ती मोजून कळवावी आणि कडांची चाचणी त्याही मशीनवर करावी.